हिंगण्याची झोपडी आणि बायकांचं उशिरा सुरू झालेलं शिक्षण : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कर्वेनगरात राहते. घरी पाहुणे आले की सिंहगड, शनिवारवाडा झाल्यावर कुणीतरी विचारतंच, "ते कर्व्यांचं आश्रम का काय, ते इथंच ना?" मग मी त्यांना घेऊन निघते, महर्षी कर्व्यांनी हिंगण्याला विधवांच्या शिक्षणासाठी चालवलेल्या आश्रमाकडे. वाटेत जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून एकदा लिहून काढले. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

हिंगणं म्हणजे नक्की कुठलं? सिंहगड रोडवरचं का?

नाही, आणि रिक्षावाल्याला नुसतं "हिंगणे" सांगितलंत तर हमखास चुकीच्या काठावर उतराल. मुठेच्या दोन्ही बाजूंना हिंगणं आहे. सिंहगड रोडच्या अंगाला हिंगणे खुर्द आणि अलीकडे हिंगणे बुद्रुक. बुद्रुक म्हणजेच आजचं कर्वेनगर. मधे राजाराम पूल. आश्रम बुद्रुकात झाला. गावाचं नाव मागे पडून माणसाचं नाव वस्तीला लागलं, इतकं की आता नव्या सोसायट्यांतल्या मुलांना हिंगणं हा शब्दच ठाऊक नसतो.

कर्व्यांनी आधी विधवेशी लग्न केलं की आधी आश्रम काढला?

आधी लग्न. धोंडो केशव कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई गेली. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाई जोशी या बालविधवेशी पुण्यात लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, पण सगळे त्यांना बायाच म्हणत. दापोली तालुक्यातल्या मुरुडने, म्हणजे कर्व्यांच्याच गावाने, त्यांच्यावर बहिष्कार घातला.

डिसेंबर १८९३ मध्ये त्यांनी विधवाविवाहासाठी मंडळी काढली. पण थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आलं की लग्नाला तयार होणाऱ्या बायका मोजक्या आणि घराच्या कोपऱ्यात बसलेल्या शेकड्यांनी. त्यांना आधी चार अक्षरं आणि चार पैसे हवेत. १४ जून १८९६ ला अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली, अध्यक्ष रामकृष्ण गोपाळ भांडारकर. कर्व्यांनी लग्नाचं काम आणि आश्रमाचं काम मुद्दाम वेगळं ठेवलं. "तिथे मुलगी पाठवली तर तिचं परस्पर लग्न लावतील" अशी धास्ती पालकांना असायची, ती घालवायची होती.

आणखी एक धास्ती होती ती धर्मांतराची. १८९३ च्या सुमारास, शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून पुण्यात मोठं वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. त्यानंतर विधवांसाठी काही काढायचं म्हणजे ताकही फुंकून प्यावं लागायचं. आश्रमाचे बरेचसे सोवळे नियम त्या ताकातून आलेले आहेत.

मग पुणं सोडून इतक्या लांब का गेले?

प्लेग. १८९६-९७ च्या साथीनंतर पुण्यात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. मुलींना गावात ठेवणं धोक्याचं, आणि भाड्याच्या वाड्यात शेजारपाजारच्या नजरा वेगळ्याच. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. तिथे एक झोपडी उभी राहिली आणि १९०० मध्ये आश्रम तिकडे गेला. पाणी नाही, रस्ता नाही, दिव्याची वात चढवली तर उजेड, नाहीतर अंधार.

कर्वे रोज तिथवर चालत जायचे, हे खरं की आपलं सांगायचं म्हणून?

खरं. दिवसा कॉलेजात गणित, संध्याकाळी चारेक मैल चालत हिंगणं, तिथल्या मुलींना शिकवायचं, पहाटे परत. जाताना लागेल ते सामान खांद्यावर. तेव्हाचा रस्ता म्हणजे बैलगाडीची वाट आणि पावसाळ्यात नुसता चिखल.

विश्वास बसत नसेल तर एकदा पावसाळ्यात डेक्कनवरून कर्वे रोडने निघा आणि कर्वे पुतळ्यावरून आत वळून कर्वेनगर गाठा. मी एकदा केलं. गंमत म्हणून नाही, बसचा संप होता म्हणून. डांबरी रस्ता, फुटपाथ, वाटेत दोन वेळा चहा, तरी पोटऱ्या भरून आल्या. सकाळी उठून परत चालायचं आणि वर बीजगणित शिकवायचं, ही कल्पनाच पुरे झाली.

चालण्याची सवय मात्र जुनी. लहानपणी सहावीच्या परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्याला पायी गेले होते. सुमारे ११० मैल, घाट चढून. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी चेहऱ्याकडे बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, बसता येणार नाही. आले तसे परत. ही हकीकत त्यांनीच लिहून ठेवली आहे. माझ्या मते हिंगण्याची खरी सुरुवात तिथे झाली, पण हा माझा तर्क. इतिहासकार मला हसतील.

आश्रमात शिकवायचे काय? आणि वयाची अट होती का?

बाराखडीपासून. वाचन, लेखन, हिशेब, शिवण, आणि पाळीपाळीने स्वयंपाक नि झाडलोट. हेतू साधा होता: बाईने मास्तरीण व्हावं, सुईण व्हावं, परिचारिका व्हावं, पण भावजयीच्या ताटाखालचं मांजर होऊन राहू नये.

वयाचं म्हणाल तर इथेच हिंगण्याचं वेगळेपण आहे. मुलींची शाळा ही गोष्ट पुण्याला नवी नव्हती. पण विशी-पंचविशी उलटलेली, पदरी मूल असलेली, कधी पाटीला हात न लावलेली बाई समोर बसवायची आणि तिला "अ" गिरवायला लावायचं, यात कुणालाच काही चमत्कारिक वाटू द्यायचं नाही, हे नवं होतं. विधवांचा आश्रम म्हणून आपण त्याच्याकडे दयेच्या डोळ्यांनी बघतो. मला तो उशिरा शिकणाऱ्यांचा वर्ग वाटतो.

पार्वतीबाई आठवले कोण?

हा प्रश्न कुणी विचारला की मला बरं वाटतं, कारण बहुतेक जण विचारत नाहीत.

पार्वतीबाई म्हणजे बायांची बहीण. देवरुखकडच्या. त्याही विधवा, एक मुलगा, लिहिता-वाचता येत नव्हतं. पंचविशी उलटल्यावर त्यांनी पाटी हातात घेतली. पुढे आश्रमाच्या व्यवस्थापक झाल्या आणि वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरल्या. केशवपन केलेलं डोकं, अंगावर विधवेचं आलवण, आणि व्याख्यान स्त्रीशिक्षणावर! त्या वेशामुळेच जुन्या वळणाच्या घरांत त्यांना माजघरापर्यंत प्रवेश मिळायचा. केस राखायला त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी सुरुवात केली, तेव्हा पुण्यात त्याचीही चर्चा झालीच.

पण वर्गणीच्या मुलखात इंग्रजी येत नाही म्हणून अडायचं. तेव्हा बाईंनी काय करावं? १९१८ मध्ये, वयाच्या पन्नाशीला टेकलेल्या असताना, त्या थेट अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे जमवायला. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. भांडी घासता घासता इंग्रजी शिकल्या म्हणा ना. परत येऊन पुन्हा कामाला लागल्या. त्यांनी आपली हकीकत लिहिली आणि तिचं इंग्रजी भाषांतरही झालं.

कर्व्यांचे पुतळे झाले, रस्ता झाला, नगर झालं. पार्वतीबाईंचं नाव मात्र पाहुण्यांना सांगावं लागतं.

आणि बाया?

बायांचं आणि आश्रमाचं नातं सरळ नव्हतं. पुनर्विवाहित बाई विधवांच्या आश्रमात वावरली तर लोक काय म्हणतील, या धाकाने त्यांना बराच काळ लांब राहावं लागलं. ज्या लग्नातून हे सगळं सुरू झालं त्या लग्नाची नवरी उंबऱ्याबाहेर. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचं, शुश्रूषेचं शिक्षण घेतलं. त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. नवऱ्याचं कौतुकही आहे आणि घरात पैसा न उरू देणाऱ्या नवऱ्याबद्दलची चिडचिडही.

तिथे फक्त ब्राह्मण विधवांनाच घ्यायचे, हे खरं का?

सुरुवातीच्या काळात, हो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे आपली बहीण जनाक्का हिला शिकवायला घेऊन कर्व्यांकडे गेले होते. ती ब्राह्मण नाही म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. शिंद्यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवलं आहे.

कर्व्यांची बाजू अशी सांगितली जाते की वर्गणी देणारा आणि मुली पाठवणारा वर्ग तोच, तो बिथरला तर सगळंच बसेल. हिशेब म्हणून बरोबर असेल. पण त्याच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती आणि १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेब न करता करून दाखवलं होतं. जनाक्कांना परत फिरावं लागलं ते १८५५ नंतर, आधी नाही, हे मला खटकतं. कर्वे स्वतः पुढे बदलले. १९३६ मध्ये त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं आणि १९४४ मध्ये समता संघ. तेव्हा त्यांचं वय शहाऐंशीच्या आसपास. उशिरा शिकणाऱ्यांत मी त्यांनाही धरते.

आश्रम, महिला विद्यालय, पाठशाळा, विद्यापीठ... हे सगळं एकच का?

एक नाही, पण एकाच झाडाच्या फांद्या. विधवांसाठी आश्रम. लग्न न झालेल्या मुलींसाठी १९०७ मध्ये महिला विद्यालय, म्हणजे त्यांचं लग्न लांबेल आणि शिक्षण होईल. आजन्म काम करणारी माणसं मिळावीत म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ. आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, त्याचं कॉलेज म्हणजे महिला पाठशाळा. पुढे हिंगण्याची संस्था एका वाटेने गेली, विद्यापीठ दुसऱ्या.

जपानचा इथे काय संबंध?

बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते. त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका कर्व्यांना पाठवली. ते विद्यापीठ १९०१ मध्ये सुरू झालेलं. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरायची होती आणि कर्वे अध्यक्ष. भाषणात काय बोलायचं याचा विचार करताना ती पुस्तिका कामी आली. त्यांनी मांडणी अशी केली की आपल्याकडेही बायकांचं वेगळं विद्यापीठ हवं आणि शिकवायचं मातृभाषेतून.

परिषदेत मांडलं डिसेंबरात आणि १९१६ च्या मध्यावर वर्ग सुरूसुद्धा झाले. आज एखादी तुकडी वाढवायची म्हटली तरी दोन-तीन वर्षं फायली फिरतात. कुलपती भांडारकर. कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे, म्हणजे १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर (तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल) आणि कर्व्यांच्याच मुरुडकडचे आप्त. विद्यार्थिनी किती? बोटांवर मोजाव्यात इतक्या. कुलपती, कुलगुरू, सिनेट असा सगळा लवाजमा आणि समोर चटईवर मावेल एवढा वर्ग! टिंगल झालीच.

बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम ना?

हा आक्षेप तेव्हाच्या सुधारकांनीही घेतला होता आणि तो अगदीच चुकीचा नाही. गृहजीवनशास्त्र, आरोग्य असे विषय त्यात होते. मुलीला शेवटी चूलच सांभाळायची आहे, हे गृहीत धरूनच ते बसवले होते, हे मान्य करायला हवं.

दुसरी बाजूही बघा. मातृभाषेतून पदवी, ही गोष्ट मुंबई विद्यापीठाच्या तेव्हाच्या कारभारात कुणी बोलायला धजत नव्हतं. इथे भूमितीपासून इतिहासापर्यंत मराठीत चालायचं. इंग्रजी मात्र सक्तीची ठेवली होती. गांधीजींना मातृभाषेचा भाग पसंत होता, इंग्रजीची सक्ती नापसंत. कर्व्यांनी ती काढली नाही. पार्वतीबाईंचा अनुभव पाहता, बरंच केलं.

पदवीला "गृहीतागमा" म्हणायचे म्हणे?

हो. बी. ए. च्या जागी जी. ए., म्हणजे गृहीतागमा : आगम, म्हणजे विद्या, जिने ग्रहण केली ती. त्याच्या वरची पी. ए., प्रदेयागमा. नावं भारदस्त होती, पण सरकारदरबारी त्यांना किंमत नव्हती. नोकरीच्या अर्जावर गृहीतागमा लिहिलं तर साहेब विचारणार, हे काय? कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे तीस-एक वर्षं मुली पदरमोड करून अशी पदवी घेत होत्या जिचा बाहेर उपयोग होईलच याची कुणी हमी देत नव्हतं. कर्व्यांच्या जिद्दीचं कौतुक होतं, या मुलींच्या जिद्दीचं कुणी फारसं करत नाही.

एसएनडीटी हे नाव कुठून आलं?

एसएनडीटी म्हणजे हेच महिला विद्यापीठ : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या नावासाठी १९२० मध्ये १५ लाखांची देणगी दिली. तेव्हाचे १५ लाख! विठ्ठलदास १९२२ मध्येच गेले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईला हललं. कर्वे रोडवर एरंडवण्यात जे आवार दिसतं ते पुण्यातलं. मेट्रोने नळ स्टॉपला उतरलात तर दोन पावलांवर. जाता जाता एक : कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई १९३१ ते १९३६ या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव झालं ते नंतर.

पुण्यात बायकांसाठी असं काम करणारी ही एकटीच संस्था का?

छे. मुलींसाठी हुजूरपागा शाळा होतीच. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे संसार सांभाळून येणाऱ्या मोठ्या बायकांचे वर्ग, शिक्षिका आणि परिचारिका घडवणं, हे सगळं चाले. हिंगण्याला घर सोडून जावं लागे, सेवासदनात घरचा स्वयंपाक आटोपून जाता येई. दोन्हींची गरज होती. पुण्यात "पहिलं कोण" यावर वाद घालायला माणसं कायम तयार असतात, मी त्यात पडत नाही.

झोपडी बघता येते का? तिथे आता काय आहे?

झोपडीची आठवण आवारात जपली आहे. पण ते चालू शाळा-कॉलेजांचं, वसतिगृहांचं आवार आहे, सहलीचं ठिकाण नव्हे. फाटकावर विचारून, परवानगी घेऊनच आत जा आणि परीक्षांचे दिवस टाळा. संस्थेचं आजचं नाव महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था. महिलाश्रम हायस्कूल आहे, १९९१ पासून मुलींचं कमिन्स इंजिनीअरिंग कॉलेज आहे, आर्किटेक्चरचं भानुबेन नानावटी कॉलेज आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला फाटकासमोर उभं राहिलं की स्कूटींचा लोंढा सुटतो. पाठीवर लॅपटॉप, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला स्कार्फ. अर्ध्यांना पाणीपुरीची घाई.

कर्व्यांनी स्वतः बरंच काही पाहिलं. १९५८ मध्ये शंभरी भरली, भारतरत्न मिळालं, हयातीत टपाल तिकीट निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ ला ते गेले, वयाच्या १०४ व्या वर्षी.

आज एखाद्या बाईला चाळिशीत शिक्षण पुरं करायचं असेल तर?

दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून परीक्षेला बसता येतं. पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून, पुण्यात त्याची अभ्यासकेंद्रं आहेत. एसएनडीटीचंही दूरशिक्षण आहे. तारखा, शुल्क दर वर्षी बदलतं, ते त्या त्या ठिकाणी जाऊनच विचारा. आणि जुनी शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधायला घ्या. सगळ्यांची गाडी तिथेच अडते.

माझ्या आत्याची अडली होती. सातवीत शाळा सुटली आणि अडतिसाव्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. दाखल्यासाठी माहेरच्या गावी तीन खेपा. भूगोलाचं पुस्तक डब्यांच्या फळीवर, पोळ्या लाटताना समोर दिसेल असं उभं केलेलं, पानांना पिठाची बोटं. नकाशात ब्रह्मपुत्रा दाखवायची तिला शेवटपर्यंत भीती. परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली, तर पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा."

तिने हॉलतिकीट काढून बाकावर ठेवलं. म्हणाली, "सर, माझी मुलगी बाहेर थांबली आहे. डबा घेऊन."